मोल आणि मोलॅरिटीची गणितं: कशाचे, किती आणि कशात?

अकरावी सायन्सच्या पहिल्याच धड्यात मोल भेटतो. बारावीत द्रावणांचा धडा उघडला की तोच परत समोर येतो, आणि नीटच्या पेपरातही त्याच्यापासून सुटका नसते. नागपुरात मराठी शाळेतून आलेल्या मुलांना आणखी एक अडचण असते. नववीत 'रेणुवस्तुमान', 'द्राव्य', 'संहती' हे शब्द पाठ झालेले असतात आणि अकरावीच्या वर्गात तेच मॉलिक्युलर मास, सोल्यूट, कॉन्सन्ट्रेशन या नावांनी येतात. विषय नवा वाटतो, पण नवीन असतं ते फक्त नाव. पहिल्या आठवड्यात वहीच्या मागच्या पानावर ही जोड्यांची यादी करून टाका, म्हणजे निम्मी धास्ती तिथेच जाते.

उरलेली धास्ती सूत्रांची असते. मोलॅरिटीचं एक सूत्र, मोलॅलिटीचं दुसरं, पातळ करायचं तिसरं, टायट्रेशनचं (एका द्रावणाशी पूर्ण अभिक्रिया व्हायला दुसरं किती मिली लागतं ते मोजण्याचं) चौथं. सूत्रं पाठ असूनही उत्तर चुकतं, कारण मुलं नुसते आकडे लिहितात: ५.८५ भागिले ५८.५. कशाचे ५.८५? ग्रॅम की मिली? मिठाचे की मिठाच्या पाण्याचे? म्हणून एक सवय लावून घ्या आणि ती परीक्षेपर्यंत सोडू नका. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं एकक लिहायचं आणि पदार्थाचं नावही लिहायचं. '५.८५ ग्रॅम मीठ', '०.१ मोल मीठ', '०.२५ लिटर द्रावण'. याने दर गणितात दहा सेकंद जास्त जातात. पण ज्या चुकांनी पूर्ण गुण जातात, त्यातल्या बहुतेक इथेच पकडल्या जातात.

मोल म्हणजे वजन करून मोजणं

हार्डवेअरच्या दुकानात हजार बोल्ट मागितले तर दुकानदार ते एकेक मोजत बसत नाही. एक बोल्ट ५ ग्रॅमचा असेल तर तो सरळ ५ किलो तोलून देतो. मोलमागे हीच कल्पना आहे. अणू-रेणू मोजता येत नाहीत, तोलता येतात, आणि वजनावरून संख्या काढता येते. एका मोलमध्ये ६.०२२ × १०चा २३वा घात इतके कण असतात. २० मे २०१९ पासून ही संख्या नेमकी ठरवून दिलेली आहे, पण गणितात ६.०२२ पुरते.

मोल डोळ्यांसमोर आणायचा असेल तर स्वयंपाकघरात जा. एक मोल पाणी म्हणजे १८ ग्रॅम, साधारण साडेतीन छोटे चमचे. एक मोल मीठ म्हणजे ५८.५ ग्रॅम, अर्ध्या वाटीच्या आत. एक मोल साखर म्हणजे ३४२ ग्रॅम, मोठा वाडगाभर. तिन्ही शेजारी ठेवून पाहा. ढीग वेगवेगळे दिसतात, पण कणांची संख्या तिन्हीत सारखीच आहे. हे एकदा नजरेत बसलं की 'जास्त ग्रॅम म्हणजे जास्त मोल' ही गैरसमजूत परत येत नाही.

ग्रॅमवरून मोल काढायला मोलर वस्तुमानाने, म्हणजे एका मोलच्या ग्रॅममधल्या वजनाने, भागा आणि मोलवरून ग्रॅम काढायला गुणा. ही काही मोलर वस्तुमानं तोंडपाठ असू द्या, कारण दहापैकी आठ गणितं याच पदार्थांवर असतात: पाणी १८, कार्बन डायऑक्साइड ४४, हायड्रोक्लोरिक आम्ल ३६.५, सोडियम हायड्रॉक्साइड ४०, मीठ ५८.५, युरिया ६०, सल्फ्युरिक आम्ल ९८, कॅल्शियम कार्बोनेट १००, निर्जल सोडियम कार्बोनेट १०६, स्फटिकी ऑक्झॅलिक आम्ल १२६, पोटॅशियम परमँगनेट १५८, ग्लुकोज १८०.

या यादीत 'निर्जल' आणि 'स्फटिकी' हे शब्द मुद्दाम ठेवले आहेत. धुण्याच्या सोड्याच्या ताज्या, काचेसारख्या खड्यात सोडियम कार्बोनेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे १० रेणू असतात आणि मोलर वस्तुमान २८६ भरतं. नागपूरच्या मे महिन्यात, कोरड्या हवेत हे खडे उघडे राहिले तर त्यातलं पाणी उडतं. वरून पांढरी भुकटी धरते, खडा बोटाने चुरडला जातो आणि शेवटी पाण्याचा एकच रेणू उरतो. तेव्हा मोलर वस्तुमान १२४ झालेलं असतं. आता १०० मिली ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) द्रावणासाठी हिशेबाने २.८६ ग्रॅम तोललं, पण बरणीत होती ती भुकटी, तर मोल होतात २.८६ भागिले १२४, म्हणजे ०.०२३. द्रावण ०.१ ऐवजी ०.२३ मोलर झालं, दुपटीहून जास्त. तराजू बरोबर आणि गुणाकारही बरोबर, तरी उत्तर चूक. म्हणून बरणीवरचं लेबल पूर्ण वाचायचं आणि आतला पदार्थ त्या लेबलसारखा दिसतो का तेही पाहायचं.

दुसरा खड्डा अणू आणि रेणूंचा आहे. 'ऑक्सिजनचा एक मोल' म्हटलं की रेणू धरायचे, म्हणजे ३२ ग्रॅम. 'ऑक्सिजन अणूंचा एक मोल' म्हटलं तर १६ ग्रॅम. युरियाच्या एका मोलमध्ये नायट्रोजनचे अणू २ मोल असतात, म्हणजे ६० ग्रॅममध्ये २८ ग्रॅम नायट्रोजन. टक्केवारी येते ४६.७. युरियाच्या पोत्यावर नायट्रोजन ४६ टक्के छापलेला असतो, तो आकडा इथूनच येतो.

वायूंसाठी २२.४ लिटर वापरताना दोन गोष्टी तपासा. पदार्थ वायूच आहे का? द्रव पाण्याच्या एका मोलचं आकारमान १८ मिली असतं, त्याला २२.४ लावला की सगळं बिघडतं. आणि तापमान-दाब कोणता? २२.४ लिटर हा आकडा ० अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरचा आहे. दाब १ बार दिला असेल तर २२.७ लिटर धरा. २७ अंशाला आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरला तोच मोल २४.६ लिटर जागा घेतो. प्रश्नात जे दिलंय तेच वापरायचं.

संहती: भागाकारात खाली काय आहे ते आधी बघा

संहतीची सगळी एककं एकाच साच्यातली आहेत. वर द्राव्य असतं, खाली काहीतरी असतं, आणि फरक बहुतेक त्या खालच्या गोष्टीत असतो.

मोलॅरिटीत खाली असतं पूर्ण द्रावणाचं आकारमान, लिटरमध्ये. मोलॅलिटीत खाली असतं फक्त द्रावकाचं, म्हणजे ज्यात विरघळवलं त्याचं, वस्तुमान, किलोमध्ये. मोल-अपूर्णांकात खाली सगळ्यांचे मिळून मोल. टक्केवारीत खाली १०० ग्रॅम किंवा १०० मिली द्रावण. इंग्रजी पेपरात मोलॅरिटीला मोठा एम आणि मोलॅलिटीला छोटा एम असतो. घाईत हे दोन एम एकमेकांत मिसळतात, त्यामुळे प्रश्न वाचतानाच त्या अक्षराखाली पेन्सिलने रेघ ओढा आणि शेजारी 'लिटर द्रावण' किंवा 'किलो द्रावक' असं लिहून ठेवा.

मोलॅलिटी वेगळी कशाला हवी, असं मुलं विचारतात. उत्तर आपल्या उन्हाळ्यात आहे. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे बनलेल्या मोजचंबूवर २७ अंश सेल्सिअस हे तापमान छापलेलं असतं. २७ अंशाला बरोबर खुणेपर्यंत केलेलं २५० मिली पातळ द्रावण बंद प्रयोगशाळेत ४० अंशाला गेलं, तर पाणी प्रसरण पावून ते सुमारे २५१ मिली होतं. मोल तितकेच, आकारमान जास्त. ०.१०००ची मोलॅरिटी ०.०९९६ होते. मोलॅलिटीत खाली ग्रॅम आहेत आणि ग्रॅम उन्हाने वाढत नाहीत. म्हणूनच उत्कलनांक वाढणं आणि गोठणांक घटणं यांच्या गणितांत, जिथे तापमान बदलतच असतं, तिथे मोलॅलिटी घेतात.

एका एककातून दुसऱ्यात जाताना सूत्र शोधत बसू नका. खाली जे असतं तेवढंच गृहीत धरून सुरुवात करा. मोलॅरिटी दिली असेल तर १ लिटर द्रावण धरा. मोलॅलिटी दिली असेल तर १ किलो द्रावक धरा. टक्के दिले असतील तर १०० ग्रॅम द्रावण धरा. घनता हा वस्तुमान आणि आकारमान यांच्यामधला पूल आहे. घनता दिलेली नसेल तर मोलॅरिटी आणि मोलॅलिटी एकमेकांत बदलता येत नाहीत. फक्त फार पातळ जलीय द्रावणात दोन्ही जवळजवळ सारख्या येतात.

बाटलीतल्या तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लावर हे करून पाहू. लेबलवर वस्तुमानाने ३७ टक्के आणि घनता १.१९ ग्रॅम प्रति मिली. १ लिटर द्रावण धरलं, म्हणजे ११९० ग्रॅम. त्यात आम्ल ३७ टक्के, म्हणजे ४४०.३ ग्रॅम. ३६.५ने भागलं की १२.०६ मोल. मोलॅरिटी मिळाली: १२.०६. उरलेलं पाणी ११९० वजा ४४०.३, म्हणजे ७४९.७ ग्रॅम. १२.०६ मोल भागिले ०.७४९७ किलो, मोलॅलिटी १६.१. पाण्याचे मोल ७४९.७ भागिले १८, म्हणजे ४१.६५, म्हणून आम्लाचा मोल-अपूर्णांक १२.०६ भागिले ५३.७१, सुमारे ०.२२५. एकाच बाटलीची ही तीन उत्तरं आहेत, आणि तिन्ही पहिल्या चार ओळींतून निघाली. मुलं इथे हमखास ११९० ग्रॅमलाच द्रावक समजतात. 'द्रावण ११९० ग्रॅम, पाणी ७४९.७ ग्रॅम' असं नावासकट लिहिलं असेल तर तसं होत नाही.

ओआरएसचं पाकीट: घरातलं सर्वात चांगलं गणित

नागपुरात उन्हाळ्यात ओआरएस घरोघरी असतं. त्या पाकिटावर जे छापलेलं आहे, ते मोलॅरिटीचं तयार उदाहरण आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ साली स्वीकारलेल्या सूत्रात १ लिटर द्रावणासाठी मीठ २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि स्फटिकी ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. एकूण २०.५ ग्रॅम.

आता वही काढा. मीठ २.६ भागिले ५८.५, म्हणजे ०.०४४४ मोल, म्हणजेच ४४.४ मिलिमोल. पोटॅशियम क्लोराइड १.५ भागिले ७४.५, २०.१ मिलिमोल. ग्लुकोज १३.५ भागिले १८०, बरोबर ७५ मिलिमोल. सायट्रेटचं मोलर वस्तुमान २९४, त्यामुळे २.९ ग्रॅम म्हणजे ९.९ मिलिमोल. पाकिटावर मात्र लिहिलेलं असतं सोडियम ७५. मिठातून तर ४४.४च आला, मग बाकीचा कुठून? सायट्रेटच्या एका एककात सोडियमचे तीन आयन आहेत, म्हणून ९.९ गुणिले ३, सुमारे २९.६. बेरीज ७४. ग्रॅमचे आकडे एका दशांशापर्यंत छापलेले असल्यामुळे एकाचा फरक पडतो. क्लोराइड दोन ठिकाणांहून येतो: ४४.४ अधिक २०.१, म्हणजे ६४.५, छापील ६५. सोडियम ७५, क्लोराइड ६५, ग्लुकोज ७५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०. सगळ्यांची बेरीज २४५, आणि हीच त्याची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या सगळ्या कणांचे मिळून मिलिमोल.

संयुगाची मोलॅरिटी एक आणि त्यातल्या आयनाची दुसरी असू शकते, ही गोष्ट इथे जितकी स्पष्ट दिसते तितकी पुस्तकातल्या उदाहरणात क्वचितच दिसते. व्हँट हॉफ घटक (एका एककातून द्रावणात किती कण होतात तो आकडा) शिकताना याच पाकिटाकडे परत या. सलाइनच्या बाटलीचाही हिशेब जोडीला करा. ०.९ टक्के मीठ, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे ०.१५४ मोलर. सोडियम आणि क्लोराइड मिळून लिटरला ३०८ मिलिमोल, रक्ताच्या सुमारे २९०च्या जवळ.

आणि हे गणित केवळ गुणांपुरतं नाही. एका लिटरचं पूर्ण पाकीट घाईत २०० मिलीच्या पेल्यात ओतलं तर मोल तेवढेच राहतात, आकारमान पाचवा हिस्सा होतं, आणि सोडियम ७५ वरून ३७५ मिलिमोल प्रति लिटरवर जातो. ऑस्मोलॅरिटी बाराशेच्या वर जाते, रक्ताच्या चौपट. असं द्रावण आतड्यात पाणी शोषून घ्यायला मदत करण्याऐवजी शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून आणतं. लहान मुलांच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. २०० मिलीची छोटी पाकिटं वेगळी मिळतात, तेव्हा पाकिटावर किती पाण्यात घालायचं ते वाचून, तेवढं पाणी मोजूनच घाला. घरात हे ज्याला समजतं त्याने इतरांना सांगावं.

२५० मिली द्रावण प्रत्यक्ष तयार करणं

प्रात्यक्षिकात सर्वाधिक लागणारं द्रावण म्हणजे ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल. लागणारे मोल ०.०५ गुणिले ०.२५ लिटर, म्हणजे ०.०१२५. गुणिले १२६, म्हणजे १.५७५ ग्रॅम. २५० मिली तसेच गुणले तर १५७५ ग्रॅम येतात, दीड किलोहून जास्त! असं उत्तर आलं की थांबा, लिटर करायचं राहिलं आहे.

शाळेच्या तराजूवर दोनच दशांश दिसत असतील तर १.५७५ आणण्यासाठी धडपडू नका. १.५८ आलं तर १.५८च लिहा आणि मोलॅरिटी परत काढा: १.५८ भागिले १२६ भागिले ०.२५, म्हणजे ०.०५०२. जे तोललं ते लिहायचं. हव्या त्या आकड्यासाठी कण-कण काढत-घालत बसलं की पदार्थ सांडतो आणि चूक उलट वाढते.

तोललेला पदार्थ चंचुपात्रात शंभरेक मिली ऊर्ध्वपातित पाण्यात पूर्ण विरघळवा, नरसाळ्यातून २५० मिलीच्या मोजचंबूत ओता. मग चंचुपात्र, काचकांडी आणि नरसाळं थोड्या थोड्या पाण्याने तीनदा धुऊन ते पाणीही चंबूतच घाला, कारण त्या ओल्या काचेवरही तुमचे मोल आहेत. खुणेच्या एक-दीड सेंटीमीटर खाली थांबा. शेवटचे थेंब ड्रॉपरने घाला. डोळा खुणेच्या पातळीत, वक्र पृष्ठाचा तळ खुणेला टेकलेला. परमँगनेटसारखं गडद द्रावण असेल तर तळ दिसत नाही, तिथे वरची कड वाचतात. बूच लावून चंबू दहा-पंधरा वेळा उलटासुलटा करा. हे राहिलं तर खाली दाट आणि वर पातळ द्रावण राहतं, आणि पिपेटने दर वेळी वेगळी संहती निघते.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे २५० मिली पाणी मोजून त्यात पदार्थ टाकणं. मोलॅरिटीत खाली द्रावण आहे, पाणी नाही. थोड्याशा ऑक्झॅलिक आम्लाने फारसा फरक पडणार नाही, पण ३४२ ग्रॅम साखर १ लिटर पाण्यात घातली तर द्रावण सुमारे १.२ लिटर होतं आणि मोलॅरिटी १ च्या बरीच खाली जाते.

कॉस्टिक सोड्याचं, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण करताना तो पाण्यात पडताच चंबू गरम होतो. गरम असतानाच खुणेपर्यंत भरलं तर थंड झाल्यावर पातळी खाली उतरते आणि संहती हिशेबापेक्षा जास्त निघते. आधी थंड होऊ द्या. शिवाय त्याच्या गोळ्या हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. पावसाळ्यात तर तोलता तोलता त्या ओलसर आणि चिकट होतात. म्हणून तोलून केलेलं त्याचं द्रावण अंदाजेच असतं. खरी मोलॅरिटी प्रमाण आम्लाशी टायट्रेशन करून काढावी लागते. ऑक्झॅलिक आम्ल प्रमाण म्हणून चालतं, कारण ते शुद्ध मिळतं आणि नीट बंद बरणीत टिकतं.

नळाच्या किंवा बोरवेलच्या पाण्यात द्रावण करू नका. बोरवेलच्या पाण्यात ४०० मिलिग्रॅम प्रति लिटर काठिण्य असेल, तर कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने तेच मुळात ०.००४ मोलर आहे. ०.०१ मोलरच्या द्रावणात ती भेसळ दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

पातळ करणं आणि मिसळणं

पाणी घातल्याने मोल बदलत नाहीत. पातळ करण्याचं सूत्र एवढंच सांगतं: आधीचे मोल बरोबर नंतरचे मोल. वरच्या बाटलीतून २५० मिली १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल हवं असेल, तर लागणारे मोल ०.२५ आणि बाटलीतून घ्यायचं आकारमान ०.२५ भागिले १२.०६, म्हणजे २०.७ मिली. ते चंबूत आधी घातलेल्या पाण्यात सोडा. नेहमी पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीच नाही. सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत तर इतकी उष्णता निघते की वर पडलेलं पाणी तडतडून उकळतं आणि आम्ल अंगावर उडतं. चष्मा, हातमोजे आणि शिक्षकांची देखरेख याशिवाय तीव्र आम्लाला हात लावायचा नाही.

दोन द्रावणं मिसळली की मुलं सरासरी काढतात. १०० मिली ०.५ मोलर आणि ३०० मिली ०.१ मोलर मिठाचं पाणी मिसळलं तर उत्तर ०.३ नाही. मोल ०.०५ अधिक ०.०३, एकूण ०.०८, आकारमान ०.४ लिटर, मोलॅरिटी ०.२.

अभिक्रिया असेल तर गुणोत्तर आधी

टायट्रेशनच्या गणितात पातळ करण्याचं सूत्र जसंच्या तसं वापरणं ही सर्वात महागडी चूक आहे. ते फक्त एकास एक अभिक्रियेत चालतं. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लात २ मोल परमँगनेटला ५ मोल ऑक्झॅलिक आम्ल लागतं.

समजा, पिपेटने १० मिली ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल घेतलं आणि ब्युरेटमधून ९.८ मिली परमँगनेट लागलं. ऑक्झॅलिक आम्लाचे मोल ०.०५ गुणिले ०.०१०, म्हणजे ०.०००५. परमँगनेटचे मोल त्याच्या दोन-पंचमांश, ०.०००२. भागिले ०.००९८ लिटर, मोलॅरिटी ०.०२०४. गुणिले १५८, म्हणजे लिटरला ३.२२ ग्रॅम. कॅल्क्युलेटर ०.०२०४०८१६ दाखवतो, पण ब्युरेट इतकं बारीक मोजत नाही. तीन सार्थ अंकांवर थांबा. गुणोत्तर विसरलेल्या मुलाला ०.०५१ मिळतं, म्हणजे अडीचपट.

नॉर्मॅलिटीने, म्हणजे मोलॅरिटीला अभिक्रियेतल्या घटकाने गुणून येणाऱ्या संहतीने, हेच गणित लहान होतं, आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत ती अजून दिसते. पण तिथे आम्लयुक्त माध्यमात परमँगनेटला ५ आणि ऑक्झॅलिक आम्लाला २ हे घटक आठवावे लागतात, आणि माध्यम बदललं की पहिला घटकही बदलतो. आमचं मत स्पष्ट आहे: मोलनेच करा, समीकरण लिहा, गुणोत्तर त्यातच दिसतं.

हातानं करताना काय बिघडतं तेही लक्षात ठेवा. फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत गरम हवा. थंड असेल तर पहिल्या थेंबांचा रंग जाता जात नाही आणि अंत्यबिंदू आधीच आला असं वाटतं. तपकिरी गढूळपणा आला तर विरल सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं आहे किंवा परमँगनेट फार भरभर सोडलं आहे. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल चालत नाही, कारण परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होतं आणि ब्युरेटचं वाचन वाढतं. मोहरच्या क्षारासोबत (फेरस अमोनियम सल्फेट) मात्र गरम करायचं नाही, कारण हवेने लोहाचं ऑक्सिडीकरण होतं. तिथे गुणोत्तर एकास पाच आहे, १ मोल परमँगनेटला ५ मोल क्षार.

मर्यादित अभिकारक शोधताना ग्रॅमची तुलना करू नका, नुसत्या मोलचीही करू नका. प्रत्येकाचे मोल त्याच्या समीकरणातल्या सहगुणकाने भागा, ज्याचं उत्तर लहान तो आधी संपतो. २.७ ग्रॅम अ‍ॅल्युमिनिअम आणि १०० मिली १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. दोन्ही ०.१ मोल. पण २ मोल अ‍ॅल्युमिनिअमला ६ मोल आम्ल लागतं: ०.१ भागिले २ म्हणजे ०.०५, आणि ०.१ भागिले ६ म्हणजे ०.०१६७. आम्ल आधी संपतं. ६ मोल आम्लातून ३ मोल हायड्रोजन, म्हणून ०.०५ मोल, ० अंश आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरला १.१२ लिटर.

सराव

पहिले चार-पाच दिवस फक्त ग्रॅम-मोल करा, रोज दहा गणितं, वरच्या यादीतले पदार्थ घेऊन. ती न अडखळता यायला लागली की मोलॅरिटी, मग एककांची अदलाबदल, आणि टायट्रेशन शेवटी. खालची पाच गणितं नाव आणि एकक लिहूनच सोडवा.

एक: कापसावर २ टक्के युरियाची फवारणी, १५ लिटरच्या पंपात ३०० ग्रॅम. मोलॅरिटी? दोन: ११.१ ग्रॅम निर्जल कॅल्शियम क्लोराइड (मोलर वस्तुमान १११) २०० मिली द्रावणात; क्लोराइड आयनाची मोलॅरिटी? तीन: ६ ग्रॅम युरिया २०० ग्रॅम पाण्यात, मोलॅलिटी? चार: पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची भारतीय मानकातली कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम प्रति लिटर, मिलिमोलमध्ये किती? (फ्लोरीन १९.) पाच: १० ग्रॅम संगमरवराचा चुरा, शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट धरून, आणि १०० मिली १.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. कार्बन डायऑक्साइड किती ग्रॅम?

उत्तरं: ०.३३ मोलर, १.० मोलर, ०.५ मोलल, ०.०७९ मिलिमोल प्रति लिटर, ३.३ ग्रॅम. दुसऱ्याचं उत्तर ०.५ आलं असेल तर तुम्ही संयुगाची मोलॅरिटी लिहून थांबलात, प्रश्न क्लोराइडचा होता. पाचव्याचं ४.४ आलं असेल तर सगळा संगमरवर विरघळला असं धरलंत. ०.१ मोल संगमरवराला ०.२ मोल आम्ल हवं होतं, होतं ०.१५, आणि २.५ ग्रॅम चुरा तळाशी तसाच उरतो. ६.६ आलं असेल तर एक मोल आम्लामागे एक मोल वायू धरलात. इथे दोन मोल आम्लामागे एकच मोल वायू निघतो.